आपल्या डोंगरावरची पीएचडी



मागच्या अंकात स्टेन्सिल मधेच फाटली आणि शेवटची दोन पानं वाचता येण्यासारखी निघाली नाहीत, त्याबद्दल माफी. त्या पानांवर जो विषय होता तोच या वेळी पहिल्या पानावर घेतोय, कारण तेवढ्या दिवसांत तो वाढला. विषय आहे पीएचडीचा. हसू नका. वनहक्काच्या दाव्यांचं, राबाचं, गार्डच्या त्रासाचं सोडून हे कुठलं काढलं, असं काही जणांना वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

होळीच्या आधी आपल्या एका पाड्यात बैठक झाली. बैठकीत दोन गोष्टी होत्या. पहिली, गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय समितीकडून परत आला त्याचं काय करायचं. दुसरी, पाड्यातली एक पोरगी एम. एस्सी. झालीय, तिला आता पुढं पीएचडी करायचीय, तर तिच्या घरच्यांनी गावाला विचारलं होतं की पाठवायची की नाही. दोन विषय वेगवेगळे होते. पण रात्री साडेदहापर्यंत ते असे एकमेकांत गुंतले की कारभाऱ्याला वहीत दोन ठराव वेगळे लिहिता येईनात.

आधी दाव्याचं सांगतो. दावा २०१० साली दाखल केला. ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समितीचा पंचनामा, तीन म्हाताऱ्यांचे जबाब, देवस्थानाचे आणि पाणवठ्यांचे फोटो, सगळं जोडलं होतं. दोन वर्षं फाईल पडून राहिली आणि मग एका ओळीचं पत्र आलं, की पुरावा अपुरा आहे. काय अपुरं आहे ते लिहिलेलं नव्हतं. तोंडी सांगितलं, "काहीतरी लिखित आणा, जुनं, नकाशासकट."

सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांत बदल झालेत. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. हे आपण लेखी कळवलंय. पण ज्यानं अर्ध आयुष्य कचेरीच्या पायरीवर काढलंय त्याला माहीत आहे, की कायदा आपल्या बाजूनं असला तरी हातात दुसरा कागद असलेला बरा. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना, म्हाताऱ्यांचे जबाब, ही नावं आपल्याला आता पाठ झालीत. पण त्याच यादीत आणखी एक ओळ आहे, जी आम्ही इतक्या शिबिरांत वाचूनही कधी नीट वाचली नव्हती. नामांकित संस्थांनी केलेला संशोधन अभ्यास, रूढी-परंपरांची नोंद, हाही पुरावा धरला जातो. उदाहरण म्हणून भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं नाव तिथं दिलंय.

ही ओळ बैठकीत वाचली आणि मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मग त्या बाईनं लिवून नेलंय त्याचं काय?"

कोणती बाई? तर वनहक्क कायदा यायच्या बऱ्याच आधी एक मॅडम पाड्यात येऊन राहिली होती. पीएचडी करत होती. विषय काहीतरी जंगलाचा. अकरा महिने राहिली, म्हणजे पाऊस, हिवाळा, राब, सगळं तिनं पाहिलं. बायकांबरोबर करांदे खणायला गेली, मोह वेचला. एकदा घाईत काकड न घालता शेवळाची भाजी खाल्ली आणि दोन दिवस घसा खाजवत बसली, हे अजून सगळ्यांना आठवतंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाड्यातला एक आजा तिला सगळा डोंगर फिरवून दाखवत होता. उंबराच्या पाण्यापासून वाघबारशीच्या दगडापर्यंत आपली हद्द कुठून कुठून जाते, कोणता खांड कुणी राखला, कुठं लाकूड तोडायचं नाही, राबाच्या फांद्या कुठल्या वर्षी कुठं तोडल्या. मॅडम वहीत लिहीत होती, नकाशा काढत होती. तो आजा वारला. दावा दाखल केला तेव्हा तो नव्हता. त्याला जे माहीत होतं ते आपल्या तीन जबाबांत नाही, कारण ते बाकीच्यांना तेवढं माहीत नव्हतं.

म्हणजे आपल्या डोंगराचा सगळ्यात चांगला पुरावा कुठंतरी लिहिलेला होता, आणि तो आपल्याकडं नव्हता.

मग शोध सुरू झाला. मॅडमचं पूर्ण नाव कुणाला आठवेना. एकीच्या घरी फोटो निघाला, मागं शहराचं नाव होतं. विद्यापीठ सापडायला दीड महिना गेला. २००९ पासून यूजीसीचा नियम आहे, की पीएचडीचा प्रबंध कॉम्प्युटरवरही द्यायचा, म्हणजे तो सगळ्यांना बघता येईल. पण हा प्रबंध त्याआधीचा. तो ग्रंथालयात काळ्या पुठ्ठ्यात बांधून ठेवलेला. आपले दोन कार्यकर्ते गेले. ओळखपत्र नाही म्हणून पहिल्या दिवशी आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी एका प्राध्यापकांनी चिठ्ठी दिली. झेरॉक्सला मर्यादा होती, म्हणून काही पानं एकानं बसून हातानं उतरवली. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं बघून बघून उतरवली.

२८६ पानं. नकाशा होता. आपलाच डोंगर, नाले, दगड, पाणी, सगळं जिथल्या तिथं. आनंदानं त्या रात्री एसटी स्टँडवरच फोन केला त्यांनी. पण घरी आणून त्या पोरीला वाचायला दिलं तेव्हा कळलं, की प्रबंधात गावाचं नावच नाही. सगळीकडं "गाव सी" लिहिलंय. तालुकाही लिहिलेला नाही. आणि आजा? आजा म्हणजे "माहितीदार क्रमांक ७". वय अंदाजे ७०, पुरुष, निरक्षर.

आम्ही ते ऐकलं तेव्हा खूप राग आला. खरं सांगतो, त्या दिवशी हा अग्रलेख लिहिला असता तर वेगळाच झाला असता. पण मग मॅडमचा फोन नंबर मिळाला. ती आता दुसऱ्या राज्यात शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जे सांगितलं तेही इथं लिहिणं आमचं काम आहे. त्या काळी वनहक्क कायदा नव्हता. जंगलातून राबाची फांदी आणली तरी गुन्हा. प्रबंधात गावाचं आणि माणसाचं नाव घातलं असतं तर उद्या तेच पान दाखवून वनखात्यानं केस केली असती. म्हणून तिच्या गाईडनं सांगितलं, नावं बदल. तिनं आपल्याला वाचवायला नावं लपवली. आणि तीच लपवलेली नावं आज आपल्याला नडतायत.

यात तिची चूक किती, यावर बैठकीत बराच वाद झाला. आमचं मत असं, की नावं लपवली ही चूक नाही, पण विचारलं नाही ही चूक आहे. आजाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता हे त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. एकसाली प्लॉटच्या वेळी तो दोनदा लॉकअपमध्ये जाऊन आला होता. तो म्हणाला असता, माझं नाव लाव, बापाचं पण लाव. आणि दुसरी गोष्ट, प्रबंध झाल्यावर एक प्रत गावात यायला हवी होती. आली असती तर दाव्याला पहिल्याच दिवशी जोडली असती. तिला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, याचं आपल्याला दुःख नाही. पण ज्या अकरा महिन्यांत आपण तिला शिकवलं त्याचा कागद तिच्याकडं आणि अनुभव आपल्याकडं, अशी वाटणी झाली. कचेरीत अनुभव चालत नाही.

तिनं आता सही करून पत्र पाठवलंय, की "गाव सी" म्हणजे हेच गाव आणि माहितीदार ७ म्हणजे हाच माणूस. सोबत तिच्या जुन्या वह्यांची झेरॉक्स आहे. त्यात आजाचा अंगठासुद्धा आहे, एका पानावर. दाव्याला जोडून फेरसुनावणी मागितलीय. समिती काय करते बघू.

आता पोरीचं.

पीएचडी म्हणजे काय, हे बैठकीत आधी समजावून सांगावं लागलं. एक आजी म्हणाली, डॉक्टर होणार म्हणजे सुई टोचणार ना, मग चांगलंच आहे, दवाखान्यात कोणी नसतंच. तर तसं नाही. एम. एस्सी. झाल्यावर प्रवेश परीक्षा द्यायची. मग गाईड मिळवायचा. सहा महिने वर्गात बसून संशोधन कसं करायचं ते शिकायचं. मग आपला एक प्रश्न घ्यायचा आणि तीन-चार वर्षं, कधी जास्त, फक्त त्याच प्रश्नाच्या मागं लागायचं. शेवटी प्रबंध लिहायचा, बाहेरचे जाणकार तो तपासतात, मग तोंडी परीक्षा होते. मग नावाच्या आधी डॉ. लागतं. पैशाचं म्हणाल तर अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी राजीव गांधी फेलोशिप २००५-०६ साली सुरू झाली. २०१३ साली ती वर्षाला ६६७ जणांना मिळायची, सगळ्या देशात. तेव्हा पहिली दोन वर्षं महिन्याला १६ हजार मिळायचे. ते वेळेवर मिळत नव्हते, हे ज्यांना मिळायचे तेच सांगायचे. आणि खोट्या दाखल्यावर आपल्या जागा खाणारे तिथंही असतात, त्यावर आधीच्या अंकांत पुष्कळ लिहिलंय.

तिचा विषय आहे नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन. नाव जड आहे. बैठकीत एकजण म्हणाला, म्हणजे जंगल राखणं. बरोबर आहे, तेवढंच. फक्त विद्यापीठात त्याला "संसाधन" म्हणतात, जसं शहरातल्या कंपनीत माणसाला मनुष्यबळ म्हणतात. आपल्याला डोंगर संसाधन वाटत नाही, तिथं गावदेव बसलाय. पण शब्दावरून भांडत बसायचं नाही. त्या शब्दाखाली जे चालतं ते बघायचं.

तिचा प्रश्न काय आहे, तो आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो. प्रश्न राबाचा आहे.

राबावरून आपलं आणि जंगलखात्याचं भांडण आजचं नाही. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राबाची माहिती आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यातल्या लोकांच्या जंगलाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्यांचा अहवाल १८८७ साली आला. त्यात राब हा मोठा वादाचा मुद्दा होता. फांद्या, पाला, गवत, शेण अंथरून वाफा भाजायचा आणि त्यात नागलीचं, भाताचं रोप करायचं, हे साहेबांना कळतच नव्हतं. साहेब गेले, आपले साहेब आले, आणि वाक्य तेच राहिलं: राबामुळं जंगल संपतंय. आपण म्हणतो, ऐनाच्या फांद्या तोडल्या तरी शेंडा राखला आणि मधे दोन-तीन वर्षं जाऊ दिली, की झाड परत फुटतं, मरत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं ते त्यांचं म्हणतायत आणि आपण आपलं. आपल्या पाड्यातल्या कुठल्या झाडावर काय होतं, हे मात्र कोणी मोजलं नाही. त्यांनी मोजलं नाही कारण त्यांना गरज नव्हती. आपण मोजलं नाही कारण आपल्याला ते दिसत होतं.

पोरीला ते मोजायचंय. शेंडा राखून तोडलेली झाडं, शेंडा न राखलेली, दरसाल तोडलेली, वर्षं सोडून तोडलेली, आणि अजिबात न तोडलेली. प्रत्येकाला नंबर द्यायचा, घेर मोजायचा, फुटवे मोजायचे, तीन वर्षं. हा प्रश्न तिला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. लहान असताना बापाबरोबर राबाला जायची तेव्हा बाप कुठल्या झाडाला हात लावू देत नव्हता, ते आठवून तिनं तो काढलाय.

बैठकीत विरोध झाला. तो लपवायचं कारण नाही. काही पोरांचं म्हणणं, जंगलात जन्मलेल्याला जंगल शिकायला शहरात कशाला जावं लागतं? प्रश्न झणझणीत आहे आणि टाळ्या मिळाल्या. पण आम्ही विचारतो, आपल्याला माहीत होतं ना सगळं? मग दावा परत का आला? आपल्याला जे माहीत आहे ते त्यांच्या टेबलावर मांडणारं आपलं माणूस तिथं नव्हतं, म्हणून आला. आणि पुढचं बघा. सामूहिक हक्क मिळाला की काम संपत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीनं आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा स्वतः करायचाय, आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडायचाय. कार्य आयोजना कधी पाहिलीय का? जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं. समोर बसून त्यातल्या पानावर बोट ठेवून "हे चुकीचं आहे, आमची मोजणी ही घ्या" म्हणणारं कोणी पाहिजे की नको?

गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्यांना २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा पासही ग्रामसभेच्या हातात आला. ती बातमी आपण छापली होती. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्या गावात अभ्यास गट चालतात, हे आपण छापलं नव्हतं. गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, एकेका प्रश्नावर अभ्यास करतात, आणि निर्णय ग्रामसभा घेते. देवाजी तोफा आणि त्यांचे साथी अभ्यास करूनच लढले. आपण मोर्चा चांगला काढतो, अभ्यासात कच्चे आहोत. (हे लिहिणारे आम्हीही बारावीच्या पुढं गेलो नाही. कधी पैशानं, कधी मोर्च्यानं राहिलं. म्हणून कोणी पुढं जातंय म्हटलं की थोडा हेवाही वाटतो, ते कबूल करतो.)

दुसरा विरोध तिच्या आयोचा होता, आणि तो आम्हाला जास्त लागला. ती म्हणाली, "शिकली की जाते. आश्रमशाळेत गेली तेव्हा सुट्टीत यायची. कॉलेजला गेली तेव्हा होळीला यायची. आता डॉक्टर झाली तर कधी येणार?" यावर कोणाकडं उत्तर नव्हतं. झारखंडचे रामदयाल मुंडा अमेरिकेत शिकागो विद्यापीठात पीएचडी करून, तिकडंच शिकवत होते. तरी रांचीला परत आले, आदिवासी भाषांचा विभाग उभा केला, कुलगुरू झाले, आणि आखाड्यात नगारा वाजवायला शेवटपर्यंत उतरत राहिले. २०११ साली वारले. आपल्याकडं डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासींवर मराठीत पुस्तकं लिहिली. अशी माणसं आहेत. पण शिकून न आलेली कितीतरी जास्त आहेत, त्यांची नावं आपण सांगत नाही एवढंच. तेव्हा आयोला खोटा धीर द्यायला आम्ही तयार नाही. ती येईल की नाही हे तिच्यावर आहे, आणि थोडं आपल्यावरही आहे. शिकलेल्या पोरीला गावात फक्त लग्नाचं विचारणार असू तर ती का येईल?

तिसरा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारला नाही. बैठक संपल्यावर चुलीपाशी एका शहाण्या माणसानं आम्हाला हळूच विचारला. मोजणी आपल्या विरुद्ध गेली तर? झाडं मरतात असं निघालं तर? आपलीच पोरगी, आपल्याच विरुद्धचा कागद.

यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. संघटनेतही दोन मतं आहेत. आमचं मत असं आहे: असं निघालं तर ते आधी आपल्याला कळलेलं बरं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही पाड्यांत दरसाल तीच झाडं तोडली जातायत, कारण बाकीचा डोंगर कूप म्हणून बंद केला, धरणात गेला, किंवा शेजारच्या गावाशी वाद आहे. तिथं ऐन वाळलेत हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. दोष राबाचा की जागा आकसल्याचा, हे मोजणीतूनच निघेल. आणि दोष आपला निघाला तर शेंडा राखायचा जुना नियम परत कडक करू. म्हातारे तेच सांगत होते. खात्यानं शोधून काढून आपल्याला शिक्षा करण्यापेक्षा आपण शोधून आपण सुधारलं, तर राखणारे आपणच ठरतो. कोणाला हे पटत नसेल तर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा, छापू.

शेवटी ठराव झाला. पोरीनं जायचं. आणि त्याच रात्री दुसराही ठराव झाला, की यापुढं कोणीही, आपलं असो की बाहेरचं, आपल्या जंगलावर अभ्यास करायला आलं तर आधी ग्रामसभेसमोर उभं राहून मराठीत सांगायचं, की काय विचारणार, कशासाठी, कागद कुठं जाणार. नाव छापायचं की लपवायचं हे ज्याचं नाव त्याला विचारायचं, आणि गावाचं असेल तर गावाला. विद्यापीठाला देण्याआधी मराठीतला सारांश ग्रामसभेत वाचून दाखवायचा. नकाशा आणि जागांच्या नावांची यादी गावात ठेवून जायची. जो माणूस दिवसभर डोंगर दाखवतो त्याची त्या दिवसाची मजुरी द्यायची, चहावर भागवायचं नाही. आणि भगताच्या औषधांची नावं लिहायची नाहीत. यावर पोरीनं विचारलं, माझ्या प्रश्नात लागली तर? तर उत्तर मिळालं, तुलापण नाही.

कोणी म्हणेल, गावाला एवढ्या अटी घालायचा अधिकार कुठला? आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये, जैवविविधतेशी आणि आपल्या संस्कृतीशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क मान्य केलाय. २००२ च्या जैवविविधता कायद्यात ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि नोंदवही सांगितलीय. बहुतेक पंचायतींत ती समिती कागदावरच आहे, सरपंचाला विचारा.

ठरावाच्या पुढच्या आठवड्यात पोरगी टेप आणि वही घेऊन जागा बघायला गेली, तर बीटच्या गार्डनं अडवलं. परवानगी कुठाय म्हणाला. त्याच गार्डला आम्ही विचारलं, की मागं ती मॅडम आली होती तेव्हा तुमच्या खात्यानं तिला खुर्ची दिली होती, हिला रस्ताही नाही? तो म्हणाला, तिच्याकडं पत्र होतं. आता विद्यापीठाचं पत्र प्रवेश झाल्याशिवाय मिळत नाही, आणि प्रवेशाला विषयाचा आराखडा लागतो, आणि आराखड्याला जागा बघावी लागते. म्हणून सध्या ती सरपणाला जाणाऱ्या बायकांबरोबर जाते आणि डोक्यावर मोळी घेऊन येते. मोजणी चाललीय. पहिल्या खेपेला ४१ झाडं झाली.

प्रवेश परीक्षा पावसाच्या सुरुवातीला आहे. तोवर ती रविवारी संघटनेच्या खोलीत बसून जुना प्रबंध मराठीत वाचून दाखवते. ज्यांना जमेल त्यांनी या. आजाचं बोलणं १४१ पानापासून पुढं आहे, ते ऐकायला म्हातारे जास्त येतात आणि मधेमधे चुका काढतात. दोन नाल्यांची नावं उलटी झालीत असं निघालंय, ते सुनावणीच्या आधी दुरुस्त करून घ्यायचंय.

आणि सगळ्या पाड्यांना एक काम. आपल्याकडं मागच्या तीस-चाळीस वर्षांत कोण कोण अभ्यासाला आलं होतं ते घरोघर विचारा. विद्यार्थी, मॅडम, फॉरेनचे गोरे, जनावरं मोजणारे, गाणी टेप करणारे, सगळे. नाव, साल, कुठून आले, कोणाच्या घरी उतरले, फोटो असेल तर मागचं लिहिलेलं वाचून घ्या. यादी अमावस्येच्या बैठकीला आणा. प्रबंधाची झेरॉक्स खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीला खालून गंज लागलाय, पावसाच्या आधी कोणाकडं प्लास्टिकचा डबा असेल तर द्या.